रेंज फुल्ल, पण फोन लागत नाही!

सौंदत्तीच्या यल्लमाच्या पौर्णिमेला, चिंचलीच्या मायाक्काला नाहीतर आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. मोबाईलच्या पडद्यावर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या असतात, आणि फोन काही केल्या लागत नाही. आमच्या अथणीकडच्या पाहुण्यांच्या भाषेत, 'रेंज फुल्ल ऐती, फोन हत्तवल्दु!' मग कुणी कंपनीला शिव्या देतो, कुणी हँडसेटला, तर कुणी फोन बंद करून बॅटरी काढून फुंकर मारून पुन्हा घालतो. या तिन्हींचा उपयोग होत नाही, हा सर्वांचा अनुभव.

मी बेळगावच्या एका तंत्रनिकेतनात बरीच वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. त्यामुळे नात्यातले, शेजारचे सगळे हा प्रश्न मला विचारतात. उत्तर तसे सोपे आहे. त्या काड्या टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती जोरात पोचतो एवढेच सांगतात. टॉवरला आपले ऐकायला सवड आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. देवळातली घंटा लांबवर ऐकू येते, म्हणून दर्शनाची रांग लहान आहे असे आपण समजतो का? तसेच हे.

फोन लावताना आपला हँडसेट आधी टॉवरला एक छोटी विनंती पाठवतो. वर्गात मुलगा हात वर करतो ना, तशी. टॉवरने ती ऐकली की पुढे बोलायला जागा मिळते. गर्दीत एकाच क्षणी शेकडो हात वर होतात, विनंत्या एकमेकींवर आदळतात आणि कुणाचीच नीट पोचत नाही. मग प्रत्येक हँडसेट थोडा वेळ थांबून पुन्हा हात वर करतो. आपण चिडून लाल-हिरवी बटणे दाबत राहिलो की त्या गोंधळात भरच पडते.

उज्जैनची ती संध्याकाळ

या विषयावर लिहायचे ते उज्जैनच्या निमित्ताने. २०१६ सालचा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे असा महिनाभर होता. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, आणि त्यांची धाकटी बहीण चिगव्वा अथणीकडच्या एका भजनी मंडळाबरोबर बसने गेल्या होत्या. दोघींत मिळून एक कीपॅडचा फोन. अव्वांना कन्नड येते, मराठी मोडके का होईना पण येते, हिंदी मात्र 'पानी' आणि 'कितना' याच्या पलीकडे नाही.

५ मे रोजी दुपारनंतर उज्जैनवर वादळ आणि गारांचा पाऊस आला. मांडव कोसळले, काही भाविक दगावले, कित्येक जखमी झाले. आम्ही हे टीव्हीवर बघत होतो आणि यजमान फोन लावत होते. पलीकडून ती बाई कधी हिंदीत, कधी इंग्रजीत सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. मी कागदावर वेळा लिहीत बसले. पाच वाजून दहा, पाच वाजून बारा, पाच वाजून पंधरा. हे वेड होते, पण हाताला काहीतरी काम हवे होते. देशभरात लाखो घरांतून त्याच गावाकडे तेव्हा फोन लागत असणार, आणि तिथले लाखो लोकही घरी फोन लावत असणार.

रात्री साडेनऊला ०७३४ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून घरच्या फोनची घंटा वाजली. अव्वा होत्या. "यव्वा, फोन हत्तलिल्ल," एवढेच पहिले वाक्य. मांडव पडल्यावर दोघी एका गल्लीत शिरल्या. एका घराच्या ओसरीवर त्यांचे कन्नड-मराठी बोलणे तिथल्या आजींच्या कानावर पडले. आजी मराठी निघाल्या! त्यांनी दोघींना आत घेतले, कोरडी लुगडी दिली आणि तारेच्या फोनवरून आमच्याशी बोलायला लावले. तारेचा फोन लागला, कारण त्या घरची तार त्या घरापुरती होती. मोबाईलची हवा मात्र सगळ्यांची सामाईक असते.

उज्जैनमध्ये मराठी आजी भेटली याचे आपल्याला नवल वाटायला नको. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला तळ हलवला, तोवर शिंद्यांची राजधानी हीच होती. आजचे महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. भर बाजारातले गोपाळ मंदिर ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या बायजाबाई शिंदे तर आपल्या कागलच्या घाटग्यांची लेक. म्हणजे कागलची मुलगी तिकडे नांदायला गेली आणि अथणीच्या सासूबाईंना तिकडे ओसरी मिळाली, असे आमच्या घरी गमतीने म्हणतात.

भोंगा आणि कान

अव्वांनी परत आल्यावर सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मेळ्यात हरवलेल्या माणसांसाठी 'खोया-पाया' केंद्र असते, तिथून भोंग्यावर नावे पुकारतात. एका हरवलेल्या म्हातारीसाठी पुकारलेले नाव ऐकायला सगळ्या मेळ्याला गप्प बसावे लागते. आणि एका वेळी एकच नाव. दुसऱ्याचे नाव पुकारायचे तर पहिले संपायला हवे. शिवाय ते हिंदीत.

जुन्या पद्धतीचा मोबाईल टॉवर या भोंग्याचाच भाऊबंद. नीट बघितलेत तर साध्या टॉवरवर तीन बाजूंना उभ्या पांढऱ्या पेट्या दिसतात. प्रत्येक पेटी साधारण १२० अंशांच्या पाचरीत आपली लहर पसरवते. त्या पाचरीत माणूस एक असो की दहा हजार, लहर सगळीकडे सारखी. तुमच्याशी बोलण्यासाठी टॉवरने जी फ्रिक्वेन्सी आणि जो क्षण वापरला, तो त्या पाचरीत दुसऱ्या कुणाला मिळत नाही. फ्रिक्वेन्सी म्हणजे सरकारी लिलावातली जमीन, ती वाढवता येत नाही. टॉवर वाढवावेत, तर एका हद्दीनंतर ते एकमेकांच्याच कानात ओरडायला लागतात.

मग गर्दीत करायचे काय? भोंग्याऐवजी प्रत्येकाच्या कानात वेगळे कुजबुजता येईल असे काही? स्मार्ट अँटेना म्हणजे नेमके हेच. 'स्मार्ट' हा शब्द हल्ली फ्रीजपासून शहरापर्यंत कशालाही लावतात, पण या ठिकाणी तो खरा आहे. लोखंडाची काडी हुशार नसते हे कबूल. हुशारी असते अनेक काड्यांमागे बसलेल्या गणितात.

लहानपणी आपण आंधळी कोशिंबीर खेळायचो. डोळ्यांवर पट्टी असूनही 'तो आवाज डावीकडून आला' हे कळायचे, कारण आवाज डाव्या कानाला किंचित आधी पोचतो. एका कानात बोट घालून खेळा, लगेच फजिती होईल. टॉवरवर एकाच्या जागी आठ, सोळा, चौसष्ट अँटेना शेजारी शेजारी बसवल्या, तर तुमच्या फोनची लहर प्रत्येक अँटेनाला जरा पुढेमागे पोचते. हा फरक म्हणजे दोन अँटेनांमधले अंतर गुणिले त्या कोनाची ज्या. शाळेतला साइन तो हाच. फरक मोजला की कोन कळला, कोन कळला की दिशा कळली.

ऐकण्याची दिशा कळल्यावर बोलण्याची दिशा ठरवणे आले. आपल्याकडच्या जुन्या घरांत सोप्यात झोपाळा असतो. दोघांनी तालात ढकलला तर झोका वाढतो, उलट तालात ढकलला तर जागच्या जागी थांबतो. लहरींचेही तसेच. चौसष्ट अँटेनांनी एकच गोष्ट, पण प्रत्येकीने केसभर मागेपुढे करून बोलली, तर एका ठराविक दिशेला सगळ्या लहरी तालात भेटतात आणि तिथे आवाज मोठा होतो. बाकीच्या दिशांना त्या एकमेकींना मारतात. लोखंड हलत नाही, मोटर फिरत नाही, तरी झोत वळतो. तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात. आणि त्याच क्षणी, त्याच फ्रिक्वेन्सीवर, दुसऱ्या दिशेच्या माणसासाठी दुसरा झोत सोडता येतो. जमिनीचा तोच तुकडा, पण आता त्यावर मजले चढले.

ऐकताना याचा फायदा आणखी मोठा. टॉवर कित्येक वॉट ताकदीने बोलतो. आपला ४जी फोन बोलतो जेमतेम ०.२ वॉटने, तोही कमरेच्या पिशवीत नाहीतर पदराच्या गाठीत गुंडाळलेला असतो. त्यात माणसाचे शरीर म्हणजे बरेचसे पाणीच, ते लहर शोषून घेते. म्हणजे घाटावरच्या गर्दीत फोनचा आवाज आधीच क्षीण. चौसष्ट कानांनी तो तालात जुळवून ऐकला, तर गोंगाटाच्या तुलनेत तो कागदावरच्या हिशेबाने चौसष्ट पटीपर्यंत उठून येतो.

दिगंश यंत्र

उज्जैनला २०१६ नंतर मी स्वतः जाऊन आले. आजींना भेटायचे होतेच. पण जयसिंगपुऱ्यातली वेधशाळाही बघायची होती. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. उज्जैनच्या वेधशाळेची १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्ती करून घेतली. जुन्या भारतीय गणितात शून्य रेखांश उज्जैनवरून जाते असे मानत, तेव्हा जयसिंगाने हे गाव निवडले यात आश्चर्य नाही.

तिथे एक दिगंश यंत्र आहे. नावातच सगळे आले, दिशेचा अंश मोजणारे. गोल भिंत, मधोमध उभा खांब. आकाशातला ग्रह कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती उंचीवर, हे दोन कोन त्यावरून काढायचे. मी त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिले, गाईड कंटाळून निघून गेला. आजच्या स्मार्ट अँटेनाला नेमके हेच दोन कोन लागतात. माणूस कुठल्या दिशेला, आणि टॉवरवरून किती खाली. रामघाटाच्या पायऱ्यांवर हा दुसरा कोन फार कामाचा, कारण पाण्यातला माणूस आणि वरच्या पायरीवरचा माणूस एकाच दिशेला असले तरी खाली-वर असतात.

आणि एक गंमत. लहरींची बेरीज करायची म्हणजे दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढता यायला हवी. तिचा नियम भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात सिद्धांतशिरोमणीतल्या ज्योत्पत्तीच्या भागात दिला आहे. भास्कराचार्य उज्जैनच्या ज्योतिष-परंपरेचे प्रमुख होते असे परंपरा मानते. त्यांचे गाव कोणते यावर मात्र आपल्या दोन्हीकडच्या घरांत भांडण लागू शकते. ते विज्जलविड म्हणजे विजापूर असे आमच्या सासरचे म्हणतात. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे हे आमच्या माहेरचे दाखवतात. मी दोन्हीकडे जेवते, त्यामुळे गप्प बसते.

बुडालेली खुकरी

स्मार्ट अँटेनाचा आधुनिक इतिहास मात्र आकाशात नाही, समुद्रात सुरू होतो. त्याची एक मोठी शाखा आपल्या भागातून जाते.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ 'आयएनएस खुकरी' ही आपली युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत. पाणबुडी ऐकू यायला हवी ती यंत्रणा, म्हणजे सोनार, कमी पडली होती. ती सुधारण्याचे काम नौदलाने अरोग्यस्वामी पॉलराज या तरुण अधिकाऱ्याकडे दिले. तमिळनाडूचा हा मुलगा पंधराव्या वर्षी पुण्याच्या खडकवासल्याला प्रबोधिनीत दाखल झाला होता. नौदलात राहूनच त्यांनी दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट केली. पुढे कोचीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' नावाचा पूर्ण भारतीय सोनार तयार झाला आणि १९८० च्या दशकात तो युद्धनौकांवर बसला.

सोनारचे काम काय? पाण्याखाली शेकडो कान लावायचे, लाटांचा, माशांचा, स्वतःच्याच इंजिनाचा गोंगाट वेगळा काढायचा आणि त्यातून एकच दबलेला आवाज कुठून येतो ते शोधायचे. वर सांगितलेले गणित ते हेच. पाण्यातल्या आवाजाऐवजी हवेतली रेडिओलहर घ्या, पाणबुडीच्या जागी अव्वांचा फोन ठेवा.

पॉलराज पुढे बंगळूरला आले. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्ता व रोबोटिक्स केंद्राचे ते संस्थापक संचालक. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या आधीपासून होते थॉमस कैलाथ. हे मल्याळी कुटुंबातले, पण जन्म पुण्याचा, १९३५ चा. शाळा सेंट व्हिन्सेंट, पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, १९५६ ची. दिशा शोधण्याच्या गणितात या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोठे काम केले होते. १९९२ मध्ये पॉलराज आणि कैलाथ यांनी एका पेटंटसाठी अर्ज केला, ते १९९४ मध्ये मिळाले. कल्पना अशी की बोलणाऱ्याकडेही अनेक अँटेना, ऐकणाऱ्याकडेही अनेक अँटेना, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी अनेक वेगवेगळे प्रवाह. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'मायमो' म्हणतात.

यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट वेगळीच. तोवर अभियंते प्रतिध्वनीला शत्रू मानत. लहर भिंतीवर, घुमटावर, टेकडीवर आपटून येते, मूळ लहरीत मिसळते आणि बोलणे बिघडवते. मायमोने हा हिशेब उलटा केला. वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या लहरी वेगवेगळ्या दिसतात, म्हणूनच त्या वेगळ्या करता येतात. मोकळ्या माळापेक्षा महाकालाजवळच्या अरुंद, भिंतींनी भरलेल्या गल्लीत मायमोचे काम जास्त चांगले चालू शकते. आता ४जी, ५जी आणि घरातला वायफाय हे सगळे यावर चालतात. पॉलराज यांना २०१४ मध्ये मार्कोनी पारितोषिक मिळाले, त्याआधी दोघांनाही पद्मभूषण. आपल्या वर्तमानपत्रांनी मात्र या बातम्यांना क्रिकेटच्या मानाने बोटभर जागा दिली, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पुढची पायरी म्हणजे अँटेनांची संख्या एकदम वाढवणे. हा विचार अमेरिकेतल्या थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये मांडला. भारतात एअरटेलने सप्टेंबर २०१७ मध्ये तो आधी बंगळूर आणि कोलकात्यात बसवला. एवढ्या अँटेना एका पेटीत मावतात त्या लहर लहान झाली म्हणून. अँटेनांमधले अंतर साधारण लहरीच्या लांबीच्या निम्मे ठेवावे लागते. जुन्या ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर लांब, म्हणजे दोन अँटेनांत वीतभर जागा. ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झची लहर साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे अंतर चार सव्वाचार सेंटीमीटर. त्यामुळे चौसष्ट काय, त्याहून जास्त काड्याही खिडकीच्या एका फळीएवढ्या पेटीत बसतात. टॉवरवर नेहमीच्या उंच अरुंद पेट्यांऐवजी रुंद, बुटकी, जाडजूड पेटी दिसली तर ती बहुधा हीच.

टॉवरच्या किरणांची भीती घालणारे निरोप फोनवर फिरतात, त्याबद्दल दोन वाक्ये. आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली आहे. शिवाय वळणारा झोत फोन बोलत असेल तिकडे, बोलत असेल तेवढाच वेळ जातो. बाकीच्यांच्या वाट्याला उलट कमीच येते.

मग आता सगळे फोन लागतील?

नाही. आणि हे स्पष्ट सांगायला हवे, कारण जाहिरातीत ते कुणी सांगत नाही.

पहिली अडचण गणिताचीच. दोन माणसे वेगळ्या दिशांना असतील, किंवा त्यांच्या लहरी वेगळ्या वाटांनी येत असतील, तरच त्यांना वेगळे करता येते. शाहीस्नानाच्या दिवशी घाटावर खांद्याला खांदा लावून माणसे उभी असतात. दूरच्या टॉवरला ती सगळी एकाच कोनात दिसतात, मग चौसष्ट कान असून उपयोग कमी. म्हणून अँटेना गर्दीच्या जवळ, उंचावर आणि शक्यतो दोन-तीन बाजूंनी लावाव्या लागतात. क्षिप्रेच्या दोन्ही काठांवरून बघितले तर तीच गर्दी पसरलेली दिसते. मेळ्यांसाठी ट्रकवर बसवलेले फिरते टॉवर आणतात ते यासाठीही. प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात असे टॉवर उभे केले होते.

दुसरी अडचण अशी की अँटेनापासून पुढे फायबरची तार आणि वीज लागते. वादळात वीज गेली आणि जनरेटरचे डिझेल संपले, की भास्कराचार्य आले तरी फोन लागणार नाही. मे महिन्यात उज्जैनला वादळ येऊ शकते हे आता ठाऊक आहे. तेव्हा किती टॉवरना किती तासांची बॅटरी आहे, हे विचारण्याचा हक्क यात्रेकरूंना आहे असे मला वाटते. पाचशे झोतांच्या बढाईपेक्षा सहा तासांची बॅटरी मला जास्त महत्त्वाची वाटते.

तिसरी अडचण अव्वांची. उज्जैनमध्ये १४ डिसेंबर २०२२ ला महाकाल लोकच्या आवारात जिओने ५जी सुरू केले. महाकाल लोकचे उद्घाटन त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला झाले होते. गंमत म्हणजे त्यानंतर आठवड्याभरात, २० डिसेंबरपासून, प्रत्यक्ष मंदिरात मोबाईल नेण्यावर बंदी आली. (मला ही बंदी आवडली. देवासमोर तरी माणसाने देवाकडे बघावे.) पण नव्या हुशार पेट्या लावल्या जातात त्या मुख्यतः ४जी आणि ५जीच्या वरच्या फ्रिक्वेन्सींवर. जुना २जी कीपॅड फोन ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झवर बोलतो, त्याच्यासाठी टॉवरला सहसा दोनच कान असतात. आणि मेळ्याला जाणाऱ्या, हिंदी न येणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या कनवटीला असतो तो हाच फोन. ज्यांना सर्वात जास्त गरज, त्यांच्यापर्यंत ही हुशारी सर्वात शेवटी पोचते.

यावर थोडा उपाय आहे. ४जीवर चालणारे कीपॅड फोन २०१७ पासून बाजारात आहेत. बटणे तीच, आवाज मोठा, म्हाताऱ्या माणसाला शिकवायला अर्धा तास पुरे. गर्दीत जाण्याआधी घरच्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी कराव्यात. भेटण्याची जागा आणि वेळ आधीच ठरवावी, आणि फोन लागला नाही तरी तिथेच यावे असे पक्के करावे. नाव, गाव, घरचा नंबर आणि 'यांना कन्नड व मराठी कळते' असे हिंदीत लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून पदराला टाचावा. एकदा फोन लागला नाही तर दहा मिनिटे थांबावे, लगेच वीस वेळा दाबू नये. बोलण्याऐवजी छोटा संदेश पाठवता आला तर पाठवावा. त्याला हवेत फार कमी जागा लागते आणि तो वाट बघून का होईना पोचतो.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ चा, आणि उज्जैनचा २०२८ च्या उन्हाळ्यातला. नाशिकला जायला अव्वा तयार नाहीत. त्यांना उज्जैनलाच जायचे आहे, त्या आजींकडे, आणि चिगव्वालाही बरोबर न्यायचे आहे. दोघींना स्वतंत्र फोन घ्यायचे ठरले. मागच्या आठवड्यात खडेबाजारातून दोन ४जी कीपॅड फोन आणले. दुकानदाराला आधी खोके उघडू दिले नाही. २३०० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड ४० चालतो असे त्यावर लिहिलेले मी चष्मा लावून वाचले, मगच पैसे दिले.